म्हैस अजून पहिल्या किकला

सोमवार, चार तारीख

सौ. सूनबाईस,

आशीर्वाद. इकडे घरातले सगळे मजेत आहेत, म्हणजे मी. तुझं, तुझ्या मास्तरांचं आणि भुंग्याचं बरंच असेल, नसतं तर तुझा फोन आला असता. फोनवर आपलं दुसऱ्या वाक्याला भांडण होतं, म्हणून लिहायला बसले. माझी अक्षरं चौथीपर्यंतची, तेव्हा जमेल तसं वाच. ओळी वरखाली गेल्यात कारण टेबल हलतंय.

काम असं आहे की म्हैस विकायची आहे. माझा मुलगा गेल्यावर गाडी तुझ्या नावावर झाली ती अजून तशीच आहे, म्हणून तुझी सही लागेल. कागदावर तिला मोटारसायकल म्हणतात, वाचून गोंधळू नकोस.

गिऱ्हाईक आपणहून दारात आलं. नवीन हॉटेलवाला आहे. तिला घासूनपुसून हॉटेलच्या दाराशी उभी करणार आणि लोक तिच्यावर बसून फोटो काढणार. मी विचारलं, "चालवणार कोण?"

"चालवायची कशाला आजी? शोभेला ठेवायची."

"मग मलाही उभी कर की तिच्याशेजारी. जोडी शोभेल."

तो पोट धरून हसला. मी विनोद केला नव्हता.

विकायचं कारण काय म्हणशील, तर वय झालं. तिच्यात खोट आहे असं मात्र मनातही आणू नकोस. आजही पहिल्या किकला उठते. टायर बदलले, चेन बदलल्या, क्लचच्या प्लेटा बदलल्या, सीट तर इतक्यांदा शिवली की मूळचा रंग मिस्त्रीलाही आठवत नाही. पण इंजिनाला अजून पाना लागलेला नाही. किलोमीटरच्या काट्यावरचे नऊचे आकडे संपून ओळीने शून्यं आली, असं दोनदा झालं. दुसऱ्या वेळी मी मिस्त्रीच्या दुकानाबाहेरच होते. तो म्हणाला, "आजी, गाडी कोरी करकरीत झाली की!" मी म्हटलं, "मग तसाच माझाही काटा फिरव. पैसे देते." लबाड म्हणतो कसा, "तुमचे पार्ट मिळत नाहीत."

तो नेहमी विचारतो, आजी, तुमची गाडी एवढी टिकली कशी? मी सांगते, अंड्यांमुळे. त्याला थट्टा वाटते. अगं, पाठीमागे अंड्यांच्या ट्रेची चळत बांधली की माणूस आपोआप सभ्य होतो. गचकन ब्रेक नाही, उगाच रेस नाही, खड्डा दिसला की लांबूनच हळू. तुझा नवरा, माझा मुलगा, तिला उडवायचा. रोज आमलेट घेऊन घरी यायचा. मी चालवायला लागल्यापासून आपल्या घरात फुटकं अंडं खायला मिळालं नाही. भुंगा लहानपणी कुरकुर करायची, "आजी, आज एक तरी फोड ना."

तुला ते मैदान आठवतं का? तापाने तो गेला, आणि महिनाही उलटला नाही तोच अंड्यांचे दुकानदार दुसरा माणूस शोधायला लागले. तुझी हॉस्पिटलातली नर्सची पाळी, तू कशी जाणार? मी म्हटलं, धंदा बंद. तू म्हणालीस, "बंदबिंद काही नाही. आई, तुम्ही शिका." मी म्हटलं, तुझं डोकं फिरलंय का, मला सायकल येत नाही! तू त्याची पँट माझ्या अंगावर फेकलीस, पट्ट्याला खिळ्याने एक जास्तीचं भोक पाडलंस आणि शाळेच्या मैदानात नेलंस. मी हँडल धरून बोंबलतेय, तू मागची सीट धरून धावतेयस, आणि भुंगा गोलपोस्टात उभी राहून टाळ्या पिटतेय. दोनदा तू तोंडावर पडलीस. पडलेली नर्स शिव्या किती छान देते हे मला त्या दिवशी कळलं.

त्यानंतर मला कुणापुढे हात पसरावा लागला नाही. भुंगा पेट्रोलच्या टाकीवर बसून शाळेत गेली. मी बेकऱ्या केल्या, खाणावळी केल्या, हॉस्पिटलचं स्वयंपाकघर केलं. लोक आधी हसले, मग वाट बघायला लागले. पुढे मीच तुझ्यामागे लागून तुझं लग्न लावलं, तेव्हा ही गाडी तू नेऊ शकत होतीस, विकू शकत होतीस. तुझीच होती. तू निघताना किल्ली खिळ्याला अडकवलीस आणि मला म्हणालीस, "ऑइल वेळेवर बदला." बस एवढंच. रिक्षा वळेपर्यंत मी दारात उभी होते. मग आत येऊन किल्ली हातात घेतली.

त्या दिवशी जे म्हणायला हवं होतं ते आता लिहिते. सूनबाई, म्हातारपणी लोकांना काठी मिळते, मला तू चाकं दिलीस. मी तुझी फार ऋणी आहे. परत वाचू नकोस, एकदाच पुरे.

आता दुसरी गोष्ट. गेल्या महिन्यात हॉस्पिटलच्या फाटकाशी एक हातगाडीवाला मला येऊन धडकला. वरचे ट्रे गेले, रस्ता सगळा पिवळा. तो ओरडला, "आजी, दिसत नाही का?" मी त्याच्या सात पिढ्यांचे पूर्वज गोळा केले. तो म्हणाला, "तोंड शाबूत आहे, डोळे तपासा." लोक हसले.

तो धडकला नव्हता. तो उभा होता. मीच त्याच्या चाकात घुसले. डाव्या बाजूला तो होता, त्याची गाडी होती, गाडीवर हा एवढा भोपळ्यांचा ढीग होता, आणि मला यातलं काहीच दिसलं नाही.

टेबल हलत नाही गं. टेबल चांगलं आहे.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई भुंग्याएवढ्या आहेत. एक डोळा झाकून विचारलं, "आजी, बोटं किती?" मी विचारलं, "हात कुठे धरलायस?" तिने हात खाली घेतला, तेव्हाच मला उत्तर मिळालं. डावा गेलाय. उजवा औषधावर टिकेल, पण गाडी नाही. मी वाद घातला, रडले नाही. घरी आल्यावर एकच विचार डोक्यातून जाईना, की त्या भोपळ्यांच्या जागी शाळेतलं पोर असतं तर? माझ्या अंड्यांना इतकी वर्षं जपलं, आणि लोकांच्या पोरांना नाही जपायचं? दुसऱ्या दिवशी फेरी पोल्ट्रीवाल्याच्या थोरलीला देऊन टाकली. ती स्कूटर चालवते. चालवते म्हणजे, फुटकी अंडी खाते.

म्हैस अंगणात आहे. रोज सकाळी किक मारते, जरा वेळ चालू ठेवते, बंद करते. पण ती काही टेपरेकॉर्डर नाही. तिला रस्ता लागतो. हॉटेलच्या दारात ती वर्षभरात गंजेल, आणि खरं सांगायचं तर इथे एकटी राहून मीही.

तुझे मास्तर दर महिन्याला फोन करतात. "आई, इकडे राहायला या." मी दर वेळी काहीतरी लागट बोलून फोन ठेवते. सुनेच्या दुसऱ्या नवऱ्याच्या घरात मी कोण? पाहुणी म्हणून किती दिवस, आणि नंतर काय? मागच्या फोनला ते म्हणाले, "आई, तुमच्या खोलीच्या खिडकीखाली पत्र्याचं छप्पर घातलंय. गाडीला ऊन लागायला नको." मी म्हटलं, "त्या छपराखाली तुम्हीच उभे राहा," आणि फोन आपटला.

पण त्या रात्रभर ते छप्पर माझ्या डोक्यावर होतं. गाडी कुणाची, हे त्या माणसाला माहीत आहे. टाकीवर अजून माझ्या मुलाने कोरलेली अक्षरं आहेत. तरी त्याने खांब रोवले, पत्रा ठोकला. मला बोलावणारे पुष्कळ असतील, म्हशीला बोलावणारा हा एकटाच.

तेव्हा सही करू नकोस. हॉटेलवाल्याला मी नाही म्हणून सांगते, मला ते चांगलं येतं.

सुट्टी काढ आणि बसने इकडे ये. परत आपण तिच्यावरूनच जाऊ, सकाळी लवकर निघालो तर संध्याकाळी तुझ्या दारात. चालवायची विसरली असशील तर मी मागून ओरडेन, ब्रेक कुठला ते सांगेन. सामान फार नाही, कपड्यांची एक पिशवी आणि औषधं. भांडी शेजारणीला देते, तिचा डोळा होताच त्यांच्यावर. रस्त्यात गळ्यात पडून रडायचं नाही, तोल जातो. माझ्या पार्टांची काळजी करू नकोस, तू नर्स आहेस, बघून घेशील.

भुंग्याला नव्या नोकरीबद्दल आशीर्वाद. आणि जावईबापूंना सांग, छप्पर काढू नका, आम्ही दोघी येतोय. हो, जावईबापूच लिहिलंय. डोळा एकच असला तरी कुणाला काय म्हणायचं ते अजून दिसतं.

वाट बघते.

तुझी सासू,
इथून पुढे मागे बसणारी