टॅपेटची टिकटिक

अप्पा, तुमची मोटरसायकल शेवटी उघडावी लागली. उघडली कासारवाडीच्या मिस्त्रीने. मी शेजारी स्टुलावर, हातात चहा घेऊन, सांत्वनाला आल्यासारखी बसले होते. तुम्ही असतात तर त्याला सोडून मला झापलं असतंत, आणि ते रास्तच होतं.

झालं असं की गेल्या महिन्यात टॅपेटची टिकटिक थांबली. इंजिनाच्या डोक्यातून येणारा तो शिवणयंत्रासारखा आवाज मला कॉलेजच्या फाटकात रोज ओशाळवायचा. जिचे किलोमीटरचे आकडे एकदा पुरते फिरून पुन्हा शून्यावरून निघालेत, अशा गाडीवर बसून संस्कृतच्या बाईंनी रावेतहून राजगुरुनगरला यावं, हेच स्टाफरूमला अजून पचलेलं नाही. त्यात ती वाजणार. म्हणून ती गप्प झाली तेव्हा मला बरंच वाटलं. म्हटलं, वयाने समज आली. मग चाकणच्या पुढे चढावर ती दम टाकू लागली, आणि एकदा तापली की सुरूच होईना.

मिस्त्रीने बोटाने दाखवलं. "टॅपेट नि व्हॉल्व्हमधली फट मिटली, ताई. व्हॉल्व्ह पुरता बंदच होत नव्हता. आतल्या आत जळाला."

"पण आवाज तर छान झाला होता."

"मग पेढं वाटलं का?" तो म्हणाला. "आवाज गेला तवाच आणायची. आता हेड किती साथ देईल, सांगता येत न्हाई. न्हाईतर एक गिऱ्हाईक हाय, पार्टसाठी घेतंय."

उद्या सांगते म्हणून उठले. रिक्षात बसल्यावर हंपीचा रस्ता आठवला. तुमच्या कंपनीला शटडाउनची सुट्टी आहे, मी शाळकरी, तुमच्या पाठीला चिकटून विभक्त्या घोकतेय. देवः देवौ देवाः. तुम्हाला त्यातलं ओ की ठो कळत नाही, तरी मी थांबले की कोपर मागे सारता. "तुजं देवौ देवा चालू ठिव. मागं हायेस ते कळतंय." दुसऱ्यांदा भजी मागू दिली नाहीत म्हणून मी रुसून तोंड मिटलं, तर तुम्ही गाडी कडेला घेतलीत, उतरलात आणि मला खांद्यांना धरून हलवलंत. "गप का झालीस? पडलीस म्हणलं." पुढच्या गावात न मागता भजी मिळाली.

तुमचंही वाजणं काही कमी नव्हतं. चहात साखर कमी, चेन कोरडी, माझ्या हेल्मेटचा पट्टा ढिला; सकाळपासून टिकटिक. शेवटच्या वर्षी ती थांबली. फिका चहा मुकाट पिऊन कप पुढे सरकवायचात. आई स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "तुजं अप्पा निवळलं बाई औंदा." आम्ही दोघी हसलो. संस्कृतात 'अ' गिळला गेला की तिथे अवग्रह काढतात, एक वाकडी खूण, इथे काहीतरी होतं एवढंच सांगणारी. पोरं ती विसरली की मी अर्धा गुण कापते. तुम्ही आतल्या आत जळत होतात, आणि माझ्या एका गप्प बसण्यावर गाडी थांबवणाऱ्या माणसाकडे मी वळूनसुद्धा पाहिलं नाही. डॉक्टरांनी विचारलं, त्रास कधीपासून? मी म्हटलं, त्रास कुठे, ते तर हल्ली काहीच बोलत नाहीत.

गिऱ्हाईकाला नाही म्हणून कळवलं. व्हॉल्व्ह नवा, हेड जुनंच. किती चालेल याची हमी मिस्त्री देत नाही. फट लावून झाल्यावर त्याने विचारलं, "आवाज अजून थोडा कमी करू?" नको म्हटलं.

हा कागद सीटखाली, तुमच्या पान्यांच्या पिशवीत ठेवते. सकाळी पार्किंगमध्ये गाडी सुरू करते आणि तिच्याजवळ नुसती उभी राहते. वॉचमन विचारतो, "ताई, उशीर नाही का होत?" मी सांगते, इंजिनात ऑइल वर चढू दे. ते केव्हाच चढलेलं असतं, अप्पा. तुम्हाला काय सांगायचं.