कागदावर न उतरलेल्या ओळी

३ फेब्रुवारी १९८७
सकाळपासून उद्यमनगरात, वर्कशॉपमध्ये. इचलकरंजीच्या सायझिंग मशीनचा, म्हणजे सुताला खळ लावणाऱ्या यंत्राचा, कंट्रोलर. कर्नेल माझ्याकडे: मोटर, वाफ, बटणं, प्रिंटर यांना पाळीपाळीने वेळ वाटून देणारा मूळ प्रोग्रॅम. अडलंय नोंदींपाशी. काहीही घडलं की एक ओळ छापायची, आणि ती छापून होईस्तोवर कर्नेल प्रिंटरपाशी तिष्ठत बसतो. आज ‘थांबा’ दाबल्यावर मोटर बंद व्हायला पुरता सेकंद लागला. सेकंदात सूत ओढणारा रूळ केवढा फिरतो! वर्कशॉपवाले देसाई साहेब म्हणाले, “मग प्रिंटरच काढा.” पण गिऱ्हाइकाला कागद हवाय.

९ फेब्रु.
जमलं! कर्नेलने आता थांबायचंच नाही. ओळ मेमरीत टाकायची, पुढे जायचं. छपाई सगळ्यात शेवटी, बाकी कुणाला काही नको असेल तेव्हा. बटण दाबताक्षणी मोटर बंद. वीज गेली तर न छापलेल्या ओळी जातील. चार-दोन. चालेल.
दे. सा. खूश. भडंग मागवला.

२० फेब्रु.
इचलकरंजी. मशीन बसवलं. चालवणारे बाबालालचाचा, पन्नाशीचे. उभी हयात सुताला खळ लावण्यात गेली. बाईमाणूस बघून जरा बिचकले, मग ‘थांबा’ दाबून दाबून बघत राहिले. “लई ऐकतंय की ओ ताई हे. जुनं पार बहिरं हुतं.”
एस.टी.त उभं राहून आले, तरी पाय दुखले नाहीत.

१४ मार्च
फोन. चाचांचा उजवा हात रुळात. तीन बोटं

१५ मार्च
दवाखान्यात गेले. हात केवढा मोठा बांधलाय. चाचा छताकडे बघत म्हणाले, “म्या बटन दाबलं. थांबलं बी. तुटका धागा काढाय हात घातला, आन् परत सुटलं. आपसूक.”
खैरूनचाची, त्यांची बायको: “मालक म्हणत्यात, यानं दाबलंच न्हाय. तुमच्या कागदात असंल की ताई. बघा की.”
तिथून शेडमध्ये. कागद पाहिला. शेवटची ओळ वाफेच्या तापमानाची. पुढे कोरा. हात सोडवायला कुणीतरी मेन स्विच ओढला. बरोबरच केलं. त्याच झटक्यात मेमरी गेली. वाफ सकाळपासून वर-खाली होत होती, नोंदींचा मारा, छपाई मागे पडलेली. किती ओळी गेल्या? ‘थांबा’ होतं का त्यात? त्यामागून ‘चालू’?
चाचीला काय सांगू. म्हटलं, बघते.

१९ मार्च
चार दिवस वर्कशॉपमध्ये तोच खेळ. वाफेचे खोटे आकडे सोडायचे, ‘थांबा’ दाबायचं, वाट बघायची. मोटर थांबते. थांबूनच राहते. एकही ओळ सुटू नये म्हणून जुनी पद्धत परत घातली, छापून होईपर्यंत थांबणारी. पण मग सगळ्यांच्या वेळाच बदलतात. तो कर्नेल हा नव्हेच. जे बघायचंय ते बघायला गेलं की

दुपारी एकदा मोटर चालू-बंद करणारा रिले परत टक्क वाजल्यासारखा वाटला. बाहेर लेथ चालू होता. नक्की सांगता येत नाही.

२३ मार्च
इचलकरंजीचे मालक स्वतः वर्कशॉपमध्ये आले. टाइप केलेला कागद पुढे केला: ‘नोंदींवरून कामगाराने थांबा बटण दाबल्याचे दिसत नाही.’ “ह्यात खोटं काय हाय? करा सही.”
खोटं काहीच नाही. हात पुढे होईना. मालक गेल्यावर दे. सा. म्हणाले, “सुमन, तू सही केली नाहीस तर मशीनवर येतं. मशीनवर म्हणजे आपल्यावर. वर्कशॉप बंद करू का?” आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

२७ मार्च
फॅक्टरी इन्स्पेक्टरांच्या कचेरीत. मी लिहून दिलं: शेवटच्या नोंदी नष्ट, रचना माझी.
त्यांनी दोनदा वाचलं. “मग दाबलं होतं की नव्हतं?”
“माहीत नाही.”
“मशीन आपोआप सुरू होऊ शकतं?”
“माहीत नाही.”
“बाई, तुम्हीच केलंय ना हे?”
त्यांनी लिहिलं, कारण अनिश्चित. चाचा बाकावर बसून होते. निघताना म्हणाले, “तुमी खोटं न्हाय बोलला.” पण खरंही कुठे बोलले मी?

३० मार्च
कबनूरच्या गिऱ्हाइकाकडे नवं मशीन गेलं. तसाच बोर्ड, तोच कर्नेल. आठ दिवस थांबवा, मी म्हणाले होते. दे. सा. म्हणाले, “चूक दाखव, थांबवतो.” दाखवायला काही नाही. मी नसताना टेम्पोत चढवलं.
उद्या सुरू होतंय. पहिल्या एस.टी.ने जाते. चालवणाऱ्याला काय सांगायचं? बटण दाबल्यावरही हात घालू नका? दुपारपर्यंत तिथे उभी राहीन. संध्याकाळपर्यंत. परवापासून दुसरी पाळीही, तेव्हा कोण