उशीवरचा आकडा

प्रिय ठमे,

फोनवर मी फक्त ‘निघ’ एवढंच म्हणालो. बाकीचं तोंडून निघेना, म्हणून लिहितोय. हे प्रवासातच वाच, इथे आल्यावर नको.

आई शुद्धीवर आहे. चार शब्द बोलली की दम लागतो. फुप्फुसांत पाणी झालंय, मूत्रपिंडांनीही हात टेकलेत. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावून स्पष्टच सांगितलं, आठवडा निघाला तरी खूप.

तिच्या फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत तांदळाच्या दाण्याएवढं यंत्र आहे, ते तुला माहीतच आहे. त्यात बॅटरी नाही. रोज सकाळी आईने आमच्या प्रयोगशाळेच्या उशीवर पाठ टेकायची. उशीतल्या तारेच्या वेटोळ्यातून दाण्याला वीज मिळते, तो जागा होऊन आतला दाब कळवतो आणि शेजारच्या पडद्यावर आणि दवाखान्यातही आकडा उमटतो. ते वेटोळं मी घडवलेलं. तू म्हणाली होतीस, ‘दादा, शाळेच्या प्रदर्शनात तुझी साधी घंटा वाजली नाही, आणि आता आईच्या काळजाशी बिनतारी गप्पा!’ आई तर ती उशी शेजारणींना दाखवत सुटली होती.

प्रयोगशाळेत आम्ही दाणा माणसाच्या अंगाऐवजी जेलीच्या वडीत ठेवून तपासायचो. ठेवणारे आम्हीच, त्यामुळे तो कायम उशीसमोर सरळ, शहाण्यासारखा पडलेला. आईच्या अंगात तो हळूहळू कलला. कललेल्या दाण्याला पुरेशी वीज पोचत नाही, मग तो गप्प बसतो. तेवढंच असतं तर पडदा कोरा दिसला असता आणि दवाखान्यातून लगेच फोन आला असता. पण चाचण्यांच्या वेळी कोरा पडदा पाहून म्हातारी माणसं घाबरायची. एका आजोबांनी तर विचारलं, मी गेलो की काय. तेव्हा मीच सुचवलं, एखादा दिवस चुकला तर कालचाच आकडा दाखवू, उद्या नवा मिळेलच. सगळ्यांनी माना डोलावल्या; असं किती दिवस चालू द्यायचं, ते कुणीच ठरवलं नाही. आत दाब वाढत होता आणि आईच्या पडद्यावर अकरा दिवस तोच जुना, चांगला एकोणीसचा आकडा होता.

त्याच दिवसांत तू फोन केलास, आईला धाप लागतेय, मी येऊ का म्हणून. मी तुला उडवून लावलं. आकडा ठणठणीत आहे, तुझा कान डॉक्टर झाला का, असं म्हणालो. आईलाही म्हणालो, मनाचे खेळ आहेत. त्यानंतर तिने तक्रार केली नाही.

आता मुद्द्याचं. आईला वाटतंय, चूक तिची आहे. आपण उशीवर वाकडं झोपलो, म्हणून यंत्र फसलं आणि लेकाच्या कामाला बट्टा लागला. येईल त्या नर्सला हेच सांगते. काल माझा हात धरून तिने माफी मागितली, आणि मी म्हणालो, असू दे. असू दे, ठमे! खरं सांगायला तीनदा खाटेशी बसलो आणि तीनदा चादर नीट करून उठलो. सांगितलं तर ती मला तिथल्या तिथे माफ करेल, आणि ते मला सोसणार नाही. पण माझी चूक स्वतःची समजून तिने जाऊ नये. आलीस की आधी तिला खरं सांग, माझ्यावर नंतर ओरड. माझ्याच्याने ते होत नाही.

तुझाच, अजून म्हणवून घेणार असशील तर,
दादा