चिखलाची पेटी

३ तारीख, सोमवार
आज कामावर रुजू झाले. पिस्तुलं चिखलात बुडवायची, वाळूत घोळवायची आणि मग चालतात का ते पाहायचं, असं काम आहे म्हटल्यावर आईने कपाळाला हात लावला. एवढं शिकून शेवटी मातीच कालवणार का, म्हणाली. धाकटा भाऊ मात्र हरखला. तो चार महिन्यांपूर्वीच पोलिसात लागलाय आणि ही नवी पिस्तुलं आधी त्याच्याच तुकडीला मिळणार आहेत. ताई, नीट बघ गं, माझा जीव तुझ्या हातात, असं फोनवर म्हणाला. मी म्हटलं, लहानपणापासून तेच तर चाललंय.

शेड लांबलचक आहे. एका टोकाला गोळ्या झाडायची जागा, दुसऱ्या टोकाला पत्र्याच्या तीन पेट्या. एकीत धूळ, एकीत वाळू, एकीत चिखल. चिखल मीच कालवायचा, सैल कणकेइतका.

४ तारीख
मिस्त्रींनी पद्धत शिकवली. तीस वर्षं बंदुका दुरुस्त करणारा माणूस, बोलणं कमी आणि खोकणं जास्त. पिस्तूल तासभर चिखलात पुरायचं, काढून एकदा झटकायचं आणि पन्नास गोळ्या झाडायच्या. अडकलं की तक्त्यात फुली. तीन फुल्या झाल्या की सगळा माल परत. आज एकही फुली नाही. मी भलतीच खूश.

७ तारीख, शुक्रवार
आज चार वेळा अडकलं. फुली मारायला पेन उचललं, तर मिस्त्रींनी थांबवलं. पिस्तुलाच्या मुठीला बुडाशी तळहाताने थाप मारली की गोळी सुटते ना, मग ते नुसतं अडखळणं, असं त्यांचं म्हणणं. इथे सगळे तसंच धरतात म्हणे. नवीन असताना शहाणपणा कशाला पाजळायचा, म्हणून मीही गप्प बसले. कोऱ्या तक्त्यावर सही केली. उद्या माल धाकट्याच्या तुकडीकडे जाईल.

१० तारीख, सोमवार
दुसऱ्या मालाची चाचणी सुरू केली. पुरलेलं पिस्तूल उचललं, तर भोवतीच्या चिखलात हातांचे ठसे. खालून वर दाबलेले. चार हात, चारही वेगवेगळ्या माणसांचे. कोणीतरी माझी फिरकी घेतंय. चिखल पुन्हा कालवून टाकला.

११ तारीख
पुन्हा तेच चार. सकाळपासून मी पेटीपासून हललेही नव्हते.

मिस्त्रींना ओढत आणलं. त्यांनी पेटीत पाहिलंच नाही. मागच्या वर्षी स्वतः चिखल कालवत होते तेव्हा त्यांना सात दिसले होते, असं भिंतीकडे बघत सांगितलं. त्या मालाची पिस्तुलं घेऊन गेलेले सातजण चिखलात पालथे सापडले. थापा मारून मारून तळहात सुजलेले. तेव्हापासून ते पेटीत हात घालत नाहीत.

मी चार फुल्या मारल्या नव्हत्या.

१२ तारीख
साहेबांना सगळं खरं सांगितलं. माल वाटूनसुद्धा झाला, सही तुमचीच आहे, म्हणाले. धाकट्याला फोन केला. उद्या तुकडी ओढ्याकाठी कुणाला तरी पकडायला जातेय. ते पिस्तूल अडकतं, नेऊ नकोस म्हटलं, विनवण्या केल्या. तो हसला. तू पास केलंयस ना ताई, मग मला कसली भीती—

ती सही करून मी त्याच्याशी खोटं बोलले. मी.

१३ तारीख, सकाळ
फोन लागत नाही.

दुपार
शेडमध्ये कोणी नाही. पेटीत आज काहीच पुरलेलं नाही, तरी चिखल हलतोय. ठसे तीनच— चौथ्याच्या जागी बुडबुडे. आतून थापा. पुन्हा पुन्हा. सुटत नाहीये त्याचं—

हात घातला मी

डाव्या हाताने लिहितेय. धरलंय त्याने. ऊब आहे. फक्त माझं एक बोट धरलंय, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचा तसं— अजून आहे तो. ओढतेय. कोपरापर्यंत आत गेले— सोडणार नाही. बाळा, घट्ट धर, ताई आहे— घट्ट— त्याची बोटं ढिली पड—