न धुण्याची विजार

लातूर,
एप्रिल २०१६

पाटी-पेन्सिलीपासूनचा माझा मित्र ग्यानोबा यास,
रामकिशनचा मनापासून जय भीम.

गुडघा कसा आहे? केवळावहिनी गेल्यापासून तू उंबरा ओलांडत नाहीस, स्टेशनकडे फिरकत नाहीस, आणि पंच्याहत्तरी करू नका म्हणून पोरांना दटावलंस, असं ऐकलं. ते मला आवडलं नाही. पण त्यावर पुढे बोलू. इकडे मी व सरजाबाई बरे आहोत. नळ अधूनमधून स्वप्नात येतो (जागेपणी नाही). मी काही मागण्यासाठी हे पत्र लिहीत नाही, हे आधीच स्पष्ट करतो. आनंदाची बातमी तेवढी द्यायची आहे: मी निळी विजार घेतली.

तुला आठवत असेल. शाळा सुटली की आपण मुदखेडच्या स्टेशनावर लिंबाखाली बसायचो आणि कोळशाच्या इंजिनातून तो फायरमन उतरायचा. हात काळे, तोंड काळं, पण विजार अशी निळी की मला पुस्तकातलं सगळं आकाश फिकं वाटायचं. कमावते झालो की दोघं अशीच घालून याच स्टेशनावर येऊ, अशी शपथ आपण मराठीच्या पुस्तकावर हात ठेवून घेतली होती (कवितांच्या पानावर, म्हणजे ती जास्त पक्की). मग तू पोस्टात खाकीत गेलास, मी गुरुजी होऊन पांढऱ्या लेंग्यात अडकलो. पुढं लातूरचा नवा जिल्हा झाला, मी बदली मागून इकडे आलो, आणि निळा रंग राहूनच गेला.

परवा इथं पाण्याची रेल्वे आली. सारं गाव पाण्याकडे बघत होतं, मी डब्याखाली वाकलेल्या एका माणसाच्या निळ्या पँटकडे बघून राहिलो होतो. तिथून थेट गंजगोलाईत माणिकप्पाचं दुकान गाठलं. निळी, जाड, रेल्वेवाल्याची दाखव म्हणालो. त्यानं एक मऊशी, मांड्यांवर विटलेली पुढे केली. ही कुणी वापरलेली आहे का, असं विचारलं तर म्हणाला, "नवीच हाय गुरुजी, कारखान्यातच जुनी करून देतात." मी म्हणालो, "जुनं व्हायचं काम माझ्यावर सोड, मला त्याचा अनुभव आहे." तेव्हा तो माळ्यावर चढला. "मग हा कच्चा डेनिम घ्या. रंगल्यापासून पाणी बघितलं न्हाई यानं. ताठ हाय म्हणून कुणी घेईना." त्यानं ती विजार फळीवर ठेवली आणि ती, ग्यानोबा, आत माणूस नसताना उभी राहिली. या वयात असा आधार कुठं मिळतो?

पडद्याआड जाऊन घालून पाहिली. उजवा पाय भुजंगप्रयाताच्या चालीत सरळ गेला, डाव्याचा मात्र गुडघ्यापाशी यतिभंग झाला. मी पडद्यासकट बाहेर आलो (गिऱ्हाइकांनी समजूतदारपणे दुसरीकडे पाहिलं). माणिकप्पानं कमरेला भलतीच ढिली दिली, त्याचं कारण पुढे सांगतो.

खरी परीक्षा घरी होती. सरजाबाई घागरीतलं पाणी तांब्यानं मोजत होती. मी नियम सांगितला, की ही विजार सहा महिने धुवायची नाही. पोर जशी कविता घोकून पाठ करतं, तसं हे कापड आपलं उठणं-बसणं पाठ करतं, आणि मग घडीघडीला आपलीच नक्षी उमटते. तिनं तांब्या खाली ठेवला.

"सहा महिने धुवायची न्हाई?"

"न्हाई."

"सारा जलम तुमचे पांढरे लेंगे धुऊन राहिले, तवा कुठं होती ही? अन् एकच कशाला आणली? दोन आणायच्या."

आता घर निळं होत चाललं आहे. खुर्ची निळी, चादर निळी. शेजारच्या नागम्माची पांढरी मांजर माझ्या मांडीवर झोपून गेली, तेव्हापासून नागम्मा बोलत नाही. काल विजार कोपऱ्यात उभी होती, तर सरजाबाई केरसुणी घेऊन तिला "सरका जरा" म्हणाली. मी पलंगावर होतो.

आपल्याहून मोठं आता कुणी उरलं नाही, म्हणून नमस्कार स्टेशनावरच्या लिंबाला. पोरांना आशीर्वाद.

तुझा,
रामकिशन

ता. क. कमरेचं कारण राहिलं. हे कापड पहिल्यांदा भिजलं की आटतं, म्हणून रोजच्या वापराआधी एकदाच, अंगावर चढवून, पाण्यात बसावं लागतं. नंतर सहा महिने पाणी नको. पण ते एकदाचं पाणी लातुरात मागायचं कुणाला? सध्या मी ती करदोड्याला बांधून फिरतो आणि कुणी भेटलं तर एकाच हातानं जय भीम करतो. तुझ्या विहिरीला अजून पाणी आहे म्हणतात. म्हशीचा हौद अर्ध्या दिवसापुरता दे. म्हैस दुसरीकडे बांध, पाणी निळं होईल.

दुसरा ता. क. सरजाबाईही येते आहे. सोबत धुण्याची चार गाठोडी आहेत. हौदावर पहिला मान तिचा, असं ठरलं आहे (मला विचारलं नव्हतं).

तिसरा ता. क. सरजाबाईचं ऐकून मी दुसरीही आणली. ती तुझी आहे. माप अंदाजानं घेतलंय, थोडं ढिलं असेल. पंच्याहत्तरी करू नकोस, कुणाला बोलवू नकोस. फक्त विजार वाळली की माझ्याबरोबर स्टेशनापर्यंत चल. हौदात दोन म्हातारे मावतात का, तेवढं उलट टपाली कळव.