मागच्या खोलीतली झाडं

४ मार्च
आज पुन्हा तेच! एक गिऱ्हाईक मागच्या खोलीत डोकावलं, "वा, काय हिरवंगार आहे हो!" म्हणालं. आणि आमचे शेठ – चार वर्षांनी धाकटा भाऊ माझा – गल्ल्यावरूनच, "काही नाही हो, आपोआप वाढतं."

आपोआप! दिवसभर कोपरापर्यंत हात पाण्याच्या टाक्यांत घालून बसते मी. पेराखाली कापा, खालची पानं काढा, एकेक शेंडा चिमट्याने वाळूत खोवा. वाढतात भराभर, खरंय. पण थोडे दिवस कात्री लावली नाही, तर शेंडे पाण्यावर पसरतात आणि खाली अंधारात सगळं झडून जातं. शेठना कोण सांगणार? ते शोभेचे मासे विकतात. मी मोलकरीण.

९ मार्च
शेठनी दातांच्या डॉक्टरीणबाईंचं काम आणलं. दवाखान्यात मोठी टाकी लावायची. बाबा पडल्यापासून माडीवर बिछान्यातच, ऐकून खूश! मला म्हणाले, "बघ, धंदा असा करतात."

बघितलं.

१० मार्च
शेंडे कापून, जुड्या बांधून दिल्या. "मी येते लावायला" म्हटलं. तर शेठ, "तू कशाला? खोवायचं तर आहे!"

२१ मार्च
व्हायचं तेच झालं. डॉक्टरीणबाईंचा फोन – टाकीला वास मारतोय, पेशंट नाक धरून बसतात. मला पिटाळलं. जाऊन बघते तर शहाण्याने जुड्या सोडल्याच नव्हत्या! नेण्यापुरतं लावलेलं रबर, तशीच अख्खी जुडी वाळूत खुपसलेली, भाजीवाल्याच्या टोपलीसारखी. आतली देठं कुजून बुळबुळीत. एकेक सोडवली, कुजकं छाटलं, वरचा चांगला तुकडा परत लावला. बाई विचारतात, "तुम्ही त्यांच्याकडे कामाला का?" हो म्हटलं. काय बोलणार!

घरी आले तर शेठ बाबांना सांगत होते, "ताईने जून शेंडे दिले." चोराच्या उलट्या बोंबा! बाबांनी ऐकून घेतलं. मला एका शब्दाने विचारलं नाही.

५ एप्रिल
दवाखान्यातली टाकी तरारली. बाईंनी मैत्रिणीच्या दवाखान्याचंही काम दिलं. कौतुक कुणाचं? हॅ!

११ एप्रिल
वकील येऊन गेले. दुकान, मागच्या खोलीसकट, शेठच्या नावावर.

माडीवर गेले. भांडायलाच. म्हटलं, "बाबा, झाडं कोण वाढवतं ते तुम्हाला माहितीये. दवाखान्यात काय झालं तेही माहितीये."

"माहितीये की."

"मग?"

भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "त्याला दिलं नाही तर तो निघून जाईल. तू कुठे जाणार आहेस?"

खाली आले आणि त्यांचं जेवण गरम केलं. सवयीने! मेलं, स्वतःचाच इतका राग आला.

१२ एप्रिल
कात्रीला हात लावला नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

१७ एप्रिल
पुलापलीकडे शोभेच्या माशांचं दुसरं दुकान आहे. सकाळी तिथे गेले. मालकीणबाई म्हणाल्या, "झाडं लावता येतात?" कापून, पानं काढून, खोवून दाखवलं. "आजपासूनच बसा." बसले. जेवणाच्या सुट्टीत लिहितेय.

घरी बाबांना वाटतंय, मी भाजी आणायला गेलेय.