आर्डिससाठी जागा

२ फेब्रुवारी, सकाळ
डॉक्टरांनी जागं ठेवणारी गोळी दिली. मला झोपेचा आजार. खुर्चीत बसलो की घोरायला लागतो. माझ्या बायकोकडे, आर्डिसकडे, आता थोडेच दिवस उरलेत, त्यातला एकही क्षण झोपेत घालवणार नाही. डॉक्टर म्हणाले, गोळीने जाग राहते, अक्कल वाढत नाही, वाढल्यासारखी फक्त वाटते. इतर पेशंटांना सांगायला ठीक आहे.

३ फेब्रुवारी
कमाल गोळी. डोकं लख्ख. आर्डिसच्या औषधांचा रंगीत तक्ता केला. छान झालाय म्हणाली, आता जरा इथे पलंगावर बस. बसणारच होतो. पण दोन औषधांना एकच हिरवा रंग गेला होता. ते तसंच कसं सोडणार?

६ फेब्रुवारी
संकल्प : दुपारचा वेळ फक्त आर्डिसचा.
आज जमलं नाही. शेजाऱ्यांनी आणलेले हॉटडिशचे, म्हणजे बटाटे घालून भाजलेल्या जेवणाचे, डबे फ्रीजमध्ये कसेही कोंबलेले. तारीखवार लावले. मेहुणी व्हर्ना मुक्कामाला आली आहे. म्हणाली, बायको तिकडे पडलीय आणि हा बटाट्यांची परेड घेतोय. दमलीय बिचारी. तिलाही गोळी सुचवली. तिने असं काही पाहिलं की मी विषय बदलला.

९ फेब्रुवारी, दुपार
आज बसलो. खरंच बसलो. आर्डिसचा आवाज अगदी बारीक झालाय. लहानपणचं सांगत होती. लेक सुपीरियर सरोवर गोठलं होतं, वडील तिला एकटीला बर्फावर दूर घेऊन गेले, आणि तिथे म्हणे... मी पूर्ण सावध. इतका, की पलंगाचा स्क्रू कुरकुरतोय हे लगेच कळलं. म्हटलं, एक मिनिट, पाना आणतो. आलो तर तिचा डोळा लागला होता. हरकत नाही. उद्या पहिल्यापासून ऐकेन.

१० फेब्रुवारी
काल पाना शोधताना तळघर पाहिलं. खिळे, स्क्रू, वॉशर, सगळी खिचडी. आर्डिस झोपलेलीच होती, म्हणून सकाळीच खाली उतरलो. हात कसे सपासप चालत होते! व्हर्नाने वरून हाक मारली. आलोच, म्हटलं. पुन्हा हाक. बारीक स्क्रू संपतच आले होते.
मग ती जिन्यात येऊन उभी राहिली. नेहमी खेकसते, आज आवाज मऊ होता.
"लोवेल, आता सावकाश ये. घाई नाही."

१७ फेब्रुवारी
काल चर्चमधलं सगळं आटोपलं. गोळी बंद केली. झोप मात्र येत नाही.
व्हर्ना बॅग भरत होती. विचारलं, ती बर्फावरची गोष्ट, पुढे काय झालं? तुमचेच वडील, तुला माहीत असणार. ती बराच वेळ एकाच स्वेटरची घडी घालत राहिली.
"ते दोघं बर्फावर गेले तेव्हा मी घरात नव्हते रे. तू तळघरात होतास, त्या सकाळी विचारलं होतं मी तिला. म्हणाली, ती लोवेललाच सांगायची आहे."